सारायेव्होचे गुलाब: रंग पुन्हा भरा, ओरखडा तसाच ठेवा

प्रश्न असा आला आहे: "मी वास्तुकलेची विद्यार्थिनी आहे. युद्धात मारल्या गेलेल्या सामान्य नागरिकांची रस्त्यावरची स्मारकं हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे आणि त्यासाठी सारायेव्होला जाणार आहे. तिथल्या रस्त्यांवरचे लाल 'गुलाब' फिके पडत चालले आहेत, काही पुन्हा रंगवले आहेत. असं रंगवणं म्हणजे मूळ खूण खोटी करणं नाही का? त्यापेक्षा ती काचेखाली झाकावी किंवा कापून संग्रहालयात न्यावी का? आणि ज्यावर एकही नाव नाही, त्याला मेलेल्यांचं स्मारक म्हणावं का?"

तिन्ही प्रश्नांना आधी सरळ उत्तरं देतो. रंग पुन्हा भरायलाच हवा. काच शक्यतो नको, आणि संग्रहालय मुळीच नको. नावं हवीत, पण पायाखाली नव्हे, शेजारच्या भिंतीवर. तिन्ही मतांमागचं कारण एकच आहे. हे गुलाब म्हणजे युद्धात तोफगोळ्यांनी रस्त्यावर पाडलेले खळगे आणि ओरखडे, ज्यांत नंतर लाल रंग भरला. तो लाल रंग ही माणसांनी नंतर घातलेली भर आहे. खरा पुरावा म्हणजे खालचा ओरखडा. रंग कितीही वेळा बदलता येतो. ओरखडा एकदा खरवडला गेला की परत मिळत नाही. माझं काम दगड, चुना आणि काँक्रीटच्या जुन्या बांधकामांच्या संवर्धनाचं आहे, तेव्हा त्याच नजरेनं लिहितो.

इतिहास तुम्ही वाचला असेलच, पण जागा समजायला लागेल तेवढा सांगतो. सारायेव्हो ही बॉस्निया-हर्जेगोविनाची राजधानी, मिल्यात्स्का नदीच्या अरुंद खोऱ्यात पूर्व-पश्चिम पसरलेलं लांबट शहर. भोवती डोंगर. १९८४ चं हिवाळी ऑलिंपिक याच डोंगरांवर भरलं होतं, आणि आठ वर्षांनी त्याच डोंगरांवर बॉस्नियन सर्ब सैन्याच्या तोफा लागल्या. ५ एप्रिल १९९२ ते २९ फेब्रुवारी १९९६, म्हणजे १,४२५ दिवस वेढा चालला. दिवसाला सरासरी तीनशेहून जास्त गोळे शहरात पडत. २२ जुलै १९९३ या एका दिवशी ३,७७७ पडले. वेढा सुरू झाल्याला वीस वर्षं झाली तेव्हा, ६ एप्रिल २०१२ रोजी, मुख्य रस्त्यावर ११,५४१ रिकाम्या लाल खुर्च्या मांडल्या होत्या, मेलेल्या प्रत्येकाची एक. त्यांतल्या ६४३ खुर्च्या लहान आकाराच्या होत्या, मुलांच्या.

मराठी वाचकांसाठी एक धागा इथेच नोंदवतो. माजी युगोस्लाव्हियात संयुक्त राष्ट्रांचं शांतिसैन्य उतरलं, तेव्हा त्याचे पहिले सेनापती होते मराठा लाइट इन्फंट्रीचे लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार. त्या सैन्याचं काम सुरुवातीला क्रोएशियात होतं, पण मुख्यालय सारायेव्होत ठेवलं होतं. शहरच पेटल्यावर ते मुख्यालय १९९२ च्या मे महिन्यात तिथून हलवावं लागलं.

आता खुणेकडे वळू.

उखळी तोफेचा गोळा आधी खूप उंच जातो आणि मग बराचसा उभा खाली येतो. लांब पल्ल्याच्या सपाट मार्गानं येणारा गोळा बहुधा भिंतीवर, छपरावर आदळतो. उखळीचा गोळा मात्र दोन उंच इमारतींच्या मधल्या अंगणात, गल्लीत, मंडईत पडू शकतो. डांबराला किंवा काँक्रीटला टेकताच तो फुटतो. जमीन कठीण असल्यानं खड्डा खोल होत नाही. पोलादी कवचाचे तुकडे जमिनीलगत चहूकडे सुटतात आणि पृष्ठभाग खरवडत जातात. मध्ये तळहाताएवढा किंवा त्याहून थोडा मोठा खळगा, भोवती लहानमोठे लांबट घाव. या आकाराला फुलाचं नाव पडलं ते त्यामुळे.

तुम्ही तिथे जाल तेव्हा एक गोष्ट जरूर बघा. हा आकार कधीच सगळीकडून सारखा नसतो. गोळा तिरका येतो, त्याचं शेपूट आलेल्या दिशेकडे कललेलं असतं. फुटताना कवचाच्या खालच्या अंगाचे तुकडे थेट जमिनीत घुसतात, वरच्या अंगाचे हवेत उडतात. म्हणून ज्या बाजूनं गोळा आला त्या बाजूचे ओरखडे दाट आणि खोल असतात, समोरच्या बाजूला ते विरळ होत जातात. शाबूत गुलाबाशेजारी होकायंत्र घेऊन बसलात आणि दाट बाजूकडे मान वर करून पाहिलंत, तर दोन घरांच्या फटीतून बहुधा डोंगराचा उतार दिसेल. मरण कुठून आलं ते त्या जमिनीवर लिहिलेलं आहे. माझ्या सगळ्या आग्रहाचं मूळ इथे आहे.

याच वाचनावर पुढे न्यायालयात वाद झाला. ५ फेब्रुवारी १९९४ च्या शनिवारी, दुपारी बाराच्या सुमारास, मार्काले मंडईत १२० मिलिमीटरचा एकच गोळा पडला. मंडई गजबजलेली होती. वेढ्यात जे काही मिळेल ते विकायला आणि घ्यायला लोक जमले होते. ६८ जण मेले, १४४ जखमी झाले. सर्ब बाजूनं लगेच सांगितलं की हा गोळा शहराच्या आतूनच टाकला आहे, स्वतःच्याच लोकांवर. संयुक्त राष्ट्रांच्या पहिल्या तपासातून ठाम निष्कर्ष निघाला नाही. मग खड्ड्याची मापं, ओरखड्यांची दिशा आणि जमिनीत रुतलेला गोळ्याचा शेपटीचा भाग यांवरून तज्ज्ञांनी दिशा काढली: उत्तरेपासून पूर्वेकडे सुमारे १८ अंश. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणानं २००३ मध्ये वेढा घालणाऱ्या सर्ब सैन्याचे जनरल स्तानिस्लाव्ह गालिच यांच्या खटल्यात बहुमतानं निर्णय दिला की तो गोळा सर्ब सैन्याच्या ताब्यातल्या भागातून आला आणि नागरिकांवर जाणूनबुजून डागला गेला. गालिच यांना आधी २० वर्षांची शिक्षा झाली, २००६ मध्ये अपिलात ती जन्मठेपेची झाली.

त्याच मंडईच्या परिसरात २८ ऑगस्ट १९९५ ला पुन्हा गोळे पडले, ४३ जण मेले. दोनच दिवसांनी नाटोनं सर्ब सैन्याच्या ठाण्यांवर बॉम्बफेक सुरू केली, आणि त्या वर्षाच्या अखेरीस युद्ध संपवणारा डेटनचा करार झाला.

हे एवढं सविस्तर सांगायचं कारण असं की, गुलाबाची डागडुजी करणाऱ्या माणसाच्या हातात काय आहे हे त्याला आधी कळायला हवं. एखाद्या ओरखड्याचं टोक रंगवताना चार बोटं लांबवलं, किंवा दोन बारीक घाव सोयीसाठी एकत्र करून टाकले, की ती खूण दिशेबद्दल खोटं सांगायला लागते.

या खड्ड्यांत लाल रंग भरण्याची कल्पना वास्तुरचनाकार आणि प्राध्यापक नेजाद कुर्तो यांची मानली जाते. वेढा उठल्यावर, १९९६ पासून, हे काम झालं. जिथे एका गोळ्यानं किमान तीन माणसं मारली, अशा जागा त्यासाठी निवडल्या. खळगा आणि घाव साफ करून त्यांत लाल रंगाचं रेझिन, म्हणजे ओतल्यावर कडक होणारा राळेसारखा पदार्थ, ओतलं. चौथरा नाही, पुतळा नाही, कुंपण नाही. शंभराहून जास्त गुलाब असे तयार झाले. कॅथीड्रलसमोरचा गुलाब सगळ्यांच्या फोटोंत असतो, पण दूरच्या वस्त्यांतले गुलाब बघितल्याशिवाय विषय पुरता कळणार नाही.

किमान तीन माणसांच्या या निकषावर जरा थांबा, कारण त्याचा परिणाम मोठा आहे. वेढ्यातल्या शहरात तीन-चार माणसं एका जागी उभी कधी असतात? पावासाठी, पाण्यासाठी, मदतीच्या धान्यासाठी रांग लागते तेव्हा. नाहीतर मंडईत, किंवा मुलं खेळत असतात तिथे. म्हणून हा गुलाबांचा नकाशा प्रत्यक्षात रांगांचा नकाशा आहे. फेरहादिया रस्त्यावर, त्या वेळच्या वासा मिस्किन रस्त्यावर, २७ मे १९९२ ला पावाच्या रांगेवर गोळे पडले, २६ माणसं मेली. शहराच्या बिअरच्या कारखान्यात स्वतःचे झरे होते. नळ बंद पडल्यावर अर्धं शहर तिथे पाणी भरायला जायचं. १५ जानेवारी १९९३ ला त्या पाण्याच्या रांगेत आठ जण मेले. दोब्रिन्या वस्तीत १ जून १९९३ ला फुटबॉलचा सामना चालू होता तिथे गोळे पडले. १२ जुलैला त्याच वस्तीत पाण्याच्या रांगेवर पडले. २२ जानेवारी १९९४ ला अलिपाशिनो पोल्ये वस्तीत बर्फात खेळणारी सहा मुलं मेली.

निकषाची दुसरी बाजूही आहे. स्नायपरनं टिपलेला माणूस एकटा मरतो. त्याच्या जागी खड्डा पडत नाही, आणि तीनचा आकडाही भरत नाही. वेढ्यात अशी कितीतरी माणसं चौक ओलांडताना मेली, आणि त्यांच्या जागी गुलाब नाही. वेढ्याच्या पहिल्याच दिवशी मारल्या गेलेल्या सुआदा दिल्बेरोविच आणि ओल्गा सुचिच यांचं नाव व्रबान्या पुलाला दिलं आहे, तिथे त्यांची पाटी आहे. पण तो अपवाद. तुमच्या प्रबंधात हा मुद्दा जरूर यावा: स्मारकाचं तंत्र कोणते मृत्यू दाखवू शकतं आणि कोणते त्याच्या हातून निसटतात.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे, रंगाकडे.

सारायेव्हो समुद्रसपाटीपासून पाचेकशे मीटर उंच आहे. हिवाळ्यात बर्फ, बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ, बर्फ खरवडणारी फावडी. उन्हाळ्यात तापलेलं डांबर. वर रोजची वर्दळ. रेझिनवर यातलं प्रत्येक कारण वेगळा परिणाम करतं. ऊन लागून चकचकीत सेंद्रिय लाल रंग विटतो, गुलाबी किंवा तपकिरी होतो. रेझिन आणि डांबर उष्णतेनं सारखं प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे कडेला केसाएवढी फट पडते. त्या फटीत पाणी शिरतं, रात्री गोठतं, फुगतं आणि भराव सुटतो. आणि सगळ्यात आधी सुटतो तो पातळ भराव. मधल्या खळग्यात रेझिन जाड असतं, ते टिकतं. टोकाकडच्या उथळ घावांतलं रेझिन पापुद्र्यासारखं निघून जातं. म्हणून गुलाब म्हातारा होतो तो बाहेरून आत. शेवटी मध्ये एक लाल डाग तेवढा उरतो.

कॅथीड्रलसमोरच्या गुलाबाशी मी बराच वेळ बसलो होतो. मधल्या खळग्यात रंग शाबूत होता, बोट फिरवलं तर काचेसारखा गुळगुळीत लागत होता. बाहेरच्या बारीक घावांत रंगाचे तुकडेच उरले होते, पण घाव मात्र बोटाला नीट लागत होते. खडीचे तुटलेले दाणे, त्यांची धार अजून जाणवत होती. डोळ्यांना जे दिसत नव्हतं ते स्पर्शाला कळत होतं. त्यामुळे "रंग गेला म्हणजे गुलाब गेला" हे खरं नाही. आकार अजून तिथेच असतो, नीट रंगवणाऱ्याची वाट बघत.

तरी रंग भरायलाच हवा असं मी का म्हणतो? कारण रंगाशिवाय तो रस्त्यातला एक खड्डा आहे, आणि शहरातल्या खड्ड्याचं काय होतं ते आपल्याला पक्कं माहीत आहे: एखादा ठेकेदार येतो आणि बुजवून जातो. लाल रंग ओरखड्याला संरक्षण देतो. हा रंग विरू देणं सुंदर आहे, स्मृतीही अशीच विरते, असं लिहिणारे अभ्यासक तुम्हाला भेटतील. मला ते पटत नाही. ज्यांची आई किंवा मुलगा त्या जागी मेला ती माणसं त्या शहरात राहतात, त्याच रस्त्यानं जातात. त्यांची खूण विरण्यात सौंदर्य बघण्याचा अधिकार बाहेरच्या माणसाला नाही.

आपल्याकडच्या कामातला एक अनुभव इथे उपयोगी पडेल. गावोगावच्या वीरगळांना लोक श्रद्धेनं ऑइल पेंट फासतात. रंगामुळे दगडातली ओल अडकते, वरचा थर पापुद्र्यानं निघतो आणि त्याबरोबर कोरीव काम झिजतं. पण ज्या वीरगळाला गाव रंग लावतं, हार घालतं, तो कुणी बांधकामात वापरत नाही. ज्याकडे कुणी फिरकत नाही तो एक दिवस गोठ्याच्या पायरीत सापडतो. अशा ठिकाणी काम करताना मी रंग बंद करायला सांगत नाही. दगडाला श्वास घेऊ देणारा रंग कोणता आणि तो कसा लावायचा ते दाखवतो. गुलाबांबद्दल माझी भूमिका हीच आहे.

मग नीट करायचं कसं? पहिली पायरी नोंदीची, रंगाला हात लावायच्या आधीची. प्रत्येक गुलाबाचे चहूबाजूंनी, एकमेकांवर चढणारे फोटो काढून त्यांवरून त्रिमितीय प्रतिमा तयार करावी. हल्ली साध्या कॅमेऱ्यावर हे चांगलं होतं. त्याच्या जोडीला जुनी पद्धतही वापरावी: शिलालेखाचा घेतात तसा ओल्या कागदावर ठसा. कागदाला वीज लागत नाही, फाइल उघडत नाही अशी अडचण येत नाही. सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उजेडात फोटो काढा; डोक्यावरच्या उन्हात उथळ घाव सपाट दिसतात.

मग सफाई. सुटलेलं रेझिन लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीनं काढायचं, छिन्नी नाही. यंत्राची घासणी तर अजिबात नाही. नवीन भराव नीट चिकटावा म्हणून पृष्ठभाग यंत्रानं खरबरीत करून घ्यायची बांधकामातली सवय इथे घातक आहे, कारण त्यात घावाची मूळ धारच जाते. साहित्य खालच्या थरानुसार ठरवायचं. काँक्रीटवर इपॉक्सी चालतं. डांबर उन्हाळ्यात मऊ होतं, त्यावर कडक इपॉक्सी तडकतं; तिथे थोडं लवचीक रेझिन लागतं, पॉलियुरेथेन किंवा रस्त्यावरचे पट्टे मारायला वापरतात त्या ॲक्रिलिकच्या जातीचं. रंगद्रव्य लोह ऑक्साइडच्या अंगाचं घ्यावं. तो लाल थोडा मातकट दिसतो, पण उन्हात टिकतो. चकचकीत लाल पहिल्या वर्षी फोटोत छान येतो आणि काही वर्षांतच विटतो.

आणि सर्वांत महत्त्वाचं: रंग घावाच्या काठाच्या आत थांबला पाहिजे. ब्रश नको, लहान पिचकारीनं किंवा पातळ पट्टीनं भरायचं. तुम्हाला तिथे असे गुलाब दिसतील ज्यांची कड गोलसर, गुबगुबीत झाली आहे, रंग काठाबाहेर सपाट जमिनीवर पसरला आहे. दर वेळी अर्धा सेंटिमीटर बाहेर गेलं तरी चार-पाच वेळांनंतर मूळ आकार ओळखू येत नाही. तुम्ही "खोटी खूण" म्हणता ती इथे तयार होते. रंगवणं खोटं नाही, काठ ओलांडणं खोटं आहे. सारायेव्होत या खुणांची देखभाल कँटनच्या, म्हणजे तिथल्या प्रांतिक सरकारच्या, स्मारकनिधीकडे आहे. एखाद्या दिवशी रंगकाम चालू असलेलं सापडलं तर तिथे बसून ते बघा. शंभर लेखांतून मिळणार नाही ते कळेल.

काचेबद्दल. मंडईसारख्या जागी, जिथे रोज पाणी सांडतं, गाडे ओढले जातात, तिथे आच्छादनाची गरज मी समजू शकतो. उघड्या रस्त्यावर मात्र काचेखाली बाष्प धरतं, शेवाळ येतं, काच ओरखडते आणि काही दिवसांनी खालचं काहीच दिसत नाही. शिवाय काच आली की चौकट आली, चौकट आली की साखळी, मग माणसं वळसा घालून जायला लागतात. या स्मारकाचं वैशिष्ट्य असं की भाजीची पिशवी घेऊन चाललेल्या बाईच्या वाटेत ते येतं. जे मेले तेही असेच पिशवी घेऊन निघाले होते.

संग्रहालयात नेणं तर त्याहून वाईट. डांबराचा तुकडा हिऱ्याच्या करवतीनं कापून उचलता येतो, तांत्रिक अडचण काही नाही. पण तो तुकडा जागेवरून हलला की दिशा संपली. मागचा डोंगर गेला, समोरचं पावाचं दुकान गेलं, गोळा कुठून आला हे सांगण्याची ताकद गेली. दिवाणखान्यात मांडलेला लाल दगड उरतो. अपवाद एकच: रस्ता पूर्णपणे उखडला जाणार असेल आणि दुसरा काही मार्ग नसेल, तर.

खरा धोका आहे तो रस्त्यांच्या नव्या थराचा, आणि तुमच्या प्रबंधात याला एक पूर्ण प्रकरण मिळायला हवं. युद्धानंतरच्या वर्षांत बरेच गुलाब नव्या डांबरीकरणात गेले. इथे दोन गोष्टी वेगळ्या आहेत. जुन्या थरावर नवा थर अंथरला असेल, तर गुलाब खाली जिवंत असू शकतो. जुन्या फोटोंवरून जागा निश्चित करून ठेवली तर पुढे कधी तो उघडता येईल. पण आधी यंत्रानं जुना थर खरवडून काढला असेल, तर तो कायमचा गेला. उपाय साधा आहे. निविदेच्या नकाशावर गुलाबाची जागा दाखवायची, तेवढा चौकोन पोलादी पट्टीनं वेगळा करून भोवतीची पातळी हळूहळू उतरवायची, पाणी साचू नये म्हणून एका बाजूला निचरा द्यायचा. नगररचनेच्या आणि रस्ते विभागाच्या कागदावर जी गोष्ट नाही ती रस्त्यावर टिकत नाही. स्मारक म्हणून कितीही भाषणं झाली, तरी रोलर चालवणाऱ्याच्या हातातल्या नकाशात ती खूण नसेल तर त्यानं काय करायचं?

आता नावांचा प्रश्न. गुलाबावर नाव नाही, आणि मला ते योग्य वाटतं. युरोपात जर्मन कलाकार गुंटर डेम्निग यांनी १९९० च्या दशकात सुरू केलेली स्मरणशिळांची पद्धत तुम्ही अभ्यासालच: दहा सेंटिमीटरचा पितळी चौकोन, नाझींच्या बळीचं नाव, जन्मवर्ष, काय झालं ते, आणि तो त्याच्या शेवटच्या राहत्या घरासमोर फूटपाथमध्ये. २०२३ पर्यंत अशा शिळांनी एक लाखाचा टप्पा गाठला. मोठं काम आहे. पण म्युनिक शहरानं सार्वजनिक फूटपाथवर त्यांना परवानगी नाकारली. मारल्या गेलेल्यांच्या नावावर पुन्हा पाय पडणार, हे तिथल्या ज्यू समाजाच्या नेत्यांना असह्य वाटलं. सारायेव्होत खूण जमिनीवर आणि नावं भिंतीवर अशी विभागणी झाली आहे. मार्काले मंडईच्या मागच्या लाल भिंतीवर मेलेल्यांची नावं आहेत. व्हेलिकी पार्कमधल्या मुलांच्या स्मारकापाशी फिरत्या नळकांड्यांवर मुलांची नावं कोरली आहेत, आणि कारंज्याभोवतीच्या कड्यात त्या मुलांच्या भावंडांच्या पावलांचे ठसे घेतले आहेत. तिथे जाल तेव्हा एखादं नळकांडं हातानं फिरवून नावं वाचा.

नाव नसल्याचा आणखी एक परिणाम म्हणजे गुलाबाला धर्म विचारता येत नाही. रांगेत बोस्नियाक, म्हणजे बॉस्नियातले मुसलमान, होते, सर्ब होते, क्रोएट होते, ज्यू होते. शहर सोडून न गेलेले हजारो सर्ब त्याच गोळ्यांखाली जगले, त्यांतले किती तरी मेले. शेजारच्या पाट्यांवर मात्र वेगळी भाषा आहे. बऱ्याच पाट्या एका साच्यातल्या आहेत: या जागी सर्ब गुन्हेगारांनी अमुक तारखेला इतके नागरिक मारले. राग समजतो, तो खराच आहे. तरीही मला वाटतं पाटीवर सैन्याचं नाव, तुकडीचं नाव आणि जिथे निकाल लागला आहे तिथे शिक्षा झालेल्या सेनापतीचं नाव असावं. गालिच, त्यांच्यानंतरचे सेनापती द्रागोमिर मिलोशेविच, बॉस्नियन सर्बांचे राजकीय नेते काराजिच आणि सरसेनापती म्लादिच यांना न्यायालयानं वेढ्यातल्या गुन्ह्यांसाठी नावानिशी दोषी ठरवलं आहे. इतकी नेमकी माहिती हाताशी असताना एका अख्ख्या समाजाचं विशेषण लिहिलं, की त्याच रांगेत मेलेल्या सर्ब बाईला त्या पाटीवर जागा उरत नाही.

याची उलट बाजू बघायला त्रेबेविच डोंगरावर काझानीला जा. वेढ्यात शहराच्या बचावासाठीच लढणाऱ्या दहाव्या पहाडी ब्रिगेडच्या काही सैनिकांनी, मुशान तोपालोविच उर्फ त्सात्सो याच्या हाताखाली, शहरातले नागरिक, मुख्यतः सर्ब, पकडून नेले, मारले आणि तिथल्या खोल दरीत टाकले. कित्येक वर्षं शहरानं याबद्दल मौन पाळलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये महापौर बेन्यामिना कारिच यांच्या काळात तिथे स्मारक झालं, १७ नावं कोरली गेली. पण मारणारे कोण, हे त्यावर लिहिलेलं नाही. मृतांच्या कुटुंबांतून आणि नागरी संघटनांतून त्यावर टीका झाली, आणि ती रास्त आहे. खाली शहरातल्या पाट्यांवर दोष एका पूर्ण समाजावर टाकला आहे, वर डोंगरावर दोष कुणावरच नाही. दोन्ही पाट्यांचा मजकूर शेजारी ठेवून लिहा. यापेक्षा चांगली सामग्री मिळणार नाही. आणि ते लिहिताना शहराला सवलत देऊ नका. पण काझानीचं नाव घेऊन १,४२५ दिवसांच्या वेढ्याशी त्याचा तराजू मांडणारेही भेटतील, त्यांनाही सवलत देऊ नका.

कामाच्या दृष्टीनं माझी सूचना अशी. वीस-पंचवीस गुलाबांचे फोटो गोळा करत फिरू नका. तीन निवडा: एक मध्यवस्तीतला नीट राखलेला, एक दोब्रिन्यासारख्या वस्तीतला, आणि एक जवळजवळ पुसला गेलेला. प्रत्येकाचं मोजमाप घ्या, दिशा काढा. न्यायाधिकरणाच्या निकालपत्रांत घटनांची वर्णनं तारीखवार आहेत, जागा आणि गोळ्याच्या दिशेसह. तुमचा गुलाब त्यांत असेल तर तुमची दिशा आणि निकालातली दिशा ताडून पहा. आसपासच्या दुकानदारांशी बोला, पण पहिल्याच भेटीत "तुमचं कोण गेलं" असं विचारू नका. कॉफी प्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. सांगायचं असेल तर ते आपणहून सांगतात.

मोजमापं आणि ठसे पूर्ण झाले की त्यांची एक प्रत सारायेव्होच्या ऐतिहासिक अभिलेखागाराला आणि एक कँटनच्या स्मारकनिधीला देऊन या. तुमचा प्रबंध विद्यापीठाच्या कपाटात राहील. पुढच्या डांबरीकरणाच्या वेळी उपयोगी पडणार आहेत ती ही मापं.